रुग्णाने सकाळी काही घेतले नाही

साळावच्या पुलावर एक खेकडा बसायचा. एसटीच्या चाकाएवढा. रेवदंड्याकडून पहिली गाडी आली की हा मधोमध नांग्या पसरून आडवा. कंडक्टर खाली उतरून म्हणायचा, "बाजूला हो, नायतर तिकीट काढ." शेवटी खेकड्यानं तिकीट काढलं, पण हाफ. त्याचं म्हणणं, मी आडवा चालतो, सरळ जाणाऱ्यांचं पूर्ण भाडं मी का भरू? कंडक्टर हुज्जत घालायला लागला. तेवढ्यात खेकड्यानं नांगी उचलली आणि...

इथं मी थांबते. कारण तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असते, कापसाचा बोळा दंडावर दाबलेला असतो, आणि म्हातारी विचारत असते, "मंग? पुढं?"

"पुढचं संध्याकाळच्या डोसाला."

चौल आणि अलिबागच्या मधल्या रस्त्यावर एक वीस खाटांचा खासगी दवाखाना आहे. तिथं मी सोळा वर्षं नर्स आहे. या सोळा वर्षांत माझ्या सुईनं कुणी "आई गं" म्हटलं असेल तर सांगावं, मी नोकरी सोडीन. एका मासळीवाल्या दादांना मी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं दिली, आणि घरी जाताना ते म्हणाले, "सिस्टर, तेवढी इंजेक्शनं मात्र द्यायची राहिली बघा." एक बाई तर डिस्चार्ज मिळाल्यावरही दोन दिवस खाट सोडेना, कारण तिच्या गोष्टीतला गडी नारळ पाडायला माडावर चढला होता तो अजून उतरला नव्हता.

प्रत्येक पेशंटला वेगळी गोष्ट, हप्त्याहप्त्यानं. वीस खाटांना सकाळच्या पाळीला आम्ही दोघी. एवढ्यांची नावं कुणाच्या बापाला लक्षात राहणार? पण गोष्ट राहते. हा खेकडेवाला, ही नारळवाली. चुकून एकीची गोष्ट दुसरीला सांगायला घेतली की ती लगेच म्हणायची, "ही माझी न्हाय गो, माझा मानूस माडावर हाय." यात माझी कसली पद्धत-बिद्धत होती असं मला कधी वाटलं नाही. बडबड्या बाईची बडबड, एवढंच. पंचक्रोशीत माझ्या बोलण्याची किंमत ठरलेली होती. मी काही सांगितलं की समोरची हसायची आणि म्हणायची, "सिस्टरचं आपलं काहीतरीच!"

आता परीक्षेचं सांगते.

आखातातल्या दवाखान्यात काम करायचं तर तिथला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी परीक्षा. संगणकावर प्रश्न येतो, खाली चार उत्तरं, एकावर टिचकी मारायची. मला तीनदा बसायची मुभा होती. दोनदा मी आपटले होते. तिसरी शेवटची. तिकडं जायचं वेड मला कशानं लागलं? आमच्या शेजारगावची एक नर्स सुट्टीला आली होती. ती म्हणाली, तिथं एका नर्सकडे चार पेशंट असतात. चार! मला त्या रात्री झोप लागली नाही. चार पेशंट असतील तर मी चौघांची नखंसुद्धा कापीन, चौघांच्या पाठी चोळीन, चौघांना विचारीन की काल काय स्वप्न पडलं. एकदा मरायच्या आधी मला नर्स होऊन बघायचं होतं. इथं मी नुसती धावत होते.

दोनदा नापास का झाले, तेही ऐका. प्रश्न होता: पेशंटला धाप लागली आहे, नर्स सर्वांत आधी काय करील? चार उत्तरांत एक होतं, डोक्याकडची बाजू उंच करून बसतं करील. आणि एक होतं, डॉक्टरांना बोलावील. मी डॉक्टरांना बोलावलं. कारण आमच्याकडे ऑक्सिजनच्या खोलीची चावी सरांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, टेबलाच्या खणात असते, आणि खाटेची डोक्याकडची बाजू उंच करायचा दांडा तुटून जमाना झाला. मी माझ्या अनुभवानं लिहीत गेले आणि माझ्या अनुभवानं मला बुडवलं.

मग तळा गावाहून एक मुलगी आमच्याकडे लागली. तेवीस वर्षांची, काडीसारखी, बोलणं इतकं हळू की घड्याळाची टिकटिक मोठी वाटावी. तीही त्याच परीक्षेची तयारी करत होती. तिच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं जाडजूड पुस्तक. दुपारी पेशंट झोपले की आम्ही औषधांच्या कपाटामागे बसायचो. ती प्रश्न वाचायची.

"ताई, उत्तर सांगा. पण पुस्तकातली नर्स काय करील ते. आपल्या दवाखान्यातली नको."

"ती पुस्तकातली भवानी कुठं राहते गं? पत्ता तरी दे तिचा."

"ताई!"

"तिच्या खाटेला चार चाकं असतात आणि चारही फिरतात. तिला काय होतंय शिकवायला!"

ती हसायची नाही. म्हणायची, "तुम्ही महिनाभर वॉर्डात तशीच वागून बघा. हाताला सवय लागली की परीक्षेत हात आपोआप तिकडे जाईल." मला पटलं. शेवटची संधी होती. मी ठरवलं, महिनाभर मी पुस्तकातली नर्स.

पुस्तकाचा पहिला नियम: औषध देण्याआधी पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवा. पूर्ण नाव आणि जन्मतारीख. ती पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगायची, आपण सुचवायची नाही. खाट नंबर ही ओळख नव्हे. आणि इकडच्या तिकडच्या गप्पा नकोत, लक्ष विचलित होतं. म्हणजे खेकडा बंद.

वॉर्डात हाहाकार उडाला. जिच्या बाळंतपणात मी होते ती म्हणाली, "नाव इचारतेस? माझ्या पोराच्या बारशाला दोन ताटं जेवलीस, तवा न्हाय इचारलंस!" आणि जन्मतारखेची तर मजाच. म्हातारी माणसं आपला जन्म सांगणार तो मोठ्या वादळाच्या आधी का नंतर, एवढाच. आधार कार्ड काढणाऱ्यानं त्या सगळ्यांना एक जानेवारी टाकून दिली. आमच्या पट्ट्यातली साठीच्या पुढची सगळी जनता एका दिवशी जन्माला आली आहे. त्या दिवशी सुइणींची काय धावपळ झाली असेल!

आणि पूर्ण नाव म्हणजे आपल्याकडे मधे नवऱ्याचं नाव. म्हातारी ते घेते होय? पदर तोंडाला लावते, लाजते, सत्तरीतही लाजते, आणि स्वतःचं नाव नि आडनाव सांगून मोकळी होते. मधलं गिळते. मी हसून सोडून द्यायचे. तळ्याची मुलगीही सोडून द्यायची. पुस्तकात त्याबद्दल काही नव्हतं.

त्या आठवड्यात दोन म्हाताऱ्या आल्या. एक चौलची, जुलाबांनी गळून गेलेली. तिला सलाईन लावलं होतं; बाटली रात्रीच संपली, हातातली सुई तेवढी राहिली होती. दुसरी नागावची, साखरेची जुनी पेशंट, पायाला जखम. दोघींचं नाव तेच, आडनाव तेच. जन्मतारीख अर्थातच एक जानेवारी. वेगळी होती ती फक्त नवऱ्यांची नावं. एकच संध्याकाळ मी दोघींना पाहिलं होतं. सवय कुठली एका दिवसात मोडते, मुलगी रजिस्टर आणायला गेली तेव्हा मी चोरून नागावच्या म्हातारीला खेकडा सांगितला होता आणि चौलच्या म्हातारीला माडावरचा गडी.

दोघींची गट्टी जमली. शेजारच्या खाटा, नागावची चार नंबरला खिडकीपाशी, चौलची पाच नंबरला. सकाळी चौलची म्हणाली असेल, गुदमरतंय, वारा न्हाय. नागावची म्हणाली असेल, मग ये की खिडकीपाशी माझ्या जागी. आमच्याकडे एसटीत जागा बदलतात तशा दवाखान्यात खाटा बदलतात, कुणी कुणाला विचारत नाही. माया, दुसरं काय!

सहा वाजता तळ्याच्या मुलीनं बोटातून रक्त घेऊन साखर तपासली होती आणि चिठ्ठी लिहून ठेवली होती: चार नंबर, साखर दोनशे ऐंशी, इन्सुलिन बारा युनिट. खाटांची अदलाबदल झाली ती त्यानंतर. सात वाजता मी इन्सुलिन भरून चार नंबरपाशी गेले. पदर डोक्यावर, पांघरूण गळ्यापर्यंत, पांढरे केस. मुलगी मागे उभी राहून परीक्षकासारखी बघत होती.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

तिनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं गिळलं.

"जन्मतारीख?"

"ती कारडावरची? येक जानेवारी."

दोन खुणा पटल्या. मी मुलीकडे बघून भुवया उडवल्या, बघ, पास! म्हातारी म्हणाली, "आज गोष्ट न्हाय व्हय गो?"

"आज परीक्षा आहे, आजी."

"दे तर मग," असं म्हणून तिनं दंड पुढे केला. मी सुई दिली.

पाच नंबरपाशी गेले तेव्हा पाच नंबरची म्हातारी उठून बसली होती, पायाची पट्टी पांघरुणाबाहेर आली होती. ती म्हणाली, "माझी सुई? आनि त्या खेकड्यानं नांगी उचलली, त्याचं काय झालं?"

मी आयुष्यात पुष्कळ वेळा सांगितलंय की माझ्या पायाखालची जमीन सरकली. एकदा तर ती अलिबागपर्यंत सरकली होती आणि मी चालत परत आणली होती. त्या दिवशी जमीन जागच्या जागी होती. फरशीवर सांडलेला चहा होता, त्यावर एक मुंगी होती. ती मला अजून दिसते.

साखर नसलेल्या माणसाला बारा युनिट इन्सुलिन. पुढं काय करायचं हे मला पाठ होतं, झोपेतसुद्धा आलं असतं: आधी पेशंटकडे बघा, साखर तपासा, लगेच डॉक्टरांना सांगा, जे घडलं ते तसंच लिहा. मी साखर तपासली. ठीक होती, अजून औषध चढायचं होतं. सर वरच्याच मजल्यावर राहतात. मी जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि परत आले. सरांच्या टेबलावर त्या दिवशी माझे दोन कागद सहीला पडले होते, अनुभवाचा दाखला आणि चांगल्या वर्तणुकीचा. त्यांच्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. मी साखरेचं पाणी केलं, म्हातारीला पेलाभर पाजलं आणि स्वतःला म्हटलं, निभेल.

निभलं नाही. अर्ध्या तासानं ती घामानं निथळायला लागली. मला "आई" म्हणाली. मग काहीच म्हणेना. तेव्हा मात्र मी धावले. हातातल्या सलाईनच्या सुईतून ग्लुकोज दिलं, मुलीला वर पिटाळलं. सर खाली येईपर्यंत म्हातारीनं डोळे उघडले होते आणि "हे काय चाललंय" अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत होती.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

सोळा वर्षं मी त्यांना काय काय सांगितलं होतं! लिफ्ट नसलेल्या दवाखान्यात लिफ्ट अडकल्याचं सांगून मी एकदा उशिरा आले होते. त्यांनी कधी एक शब्द खरा मानला नव्हता. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यांत छोटी गोष्ट सांगितली.

"पोटात काही नाही, सर. सकाळपासून उपाशी आहेत. मुळात अशक्त."

"असंच करतात हे लोक," सर म्हणाले. ओपीडीत वीस माणसं खोकत होती. त्यांनी साखर तासातासाला बघायला सांगितलं आणि ते गेले. मी केसपेपर ओढला आणि लिहिलं: रुग्णाने सकाळी काही घेतले नाही. साखर कमी. ग्लुकोज दिले. माझ्या अक्षरात. तळ्याची मुलगी बाजूला उभी होती.

"ताई," ती म्हणाली, "खरं लिहा ना."

"चिठ्ठीवर चार नंबर कुणी लिहिलंय?"

हे मी तिला म्हणाले. ती रजिस्टर उचलून पुढच्या खाटेकडे गेली. तिचेही कागद त्याच टेबलावर होते.

पुस्तकाची चूक नव्हती, हे सांगायला हवं. पुस्तकात पुढच्याच पानावर आहे की एकाच नावाचे दोन पेशंट असतील तर केसपेपरवर ठळक खूण करा, तिसरी ओळख घ्या, आणि चिठ्ठीवर खाट नंबर लिहू नका. आम्ही ते पान वाचलं होतं.

आठ वाजता चौलहून म्हातारीची सून आली. सहाआसनी रिक्षातून, मांडीवर डबा धरून. तिचा नवराही बरोबर होता, त्या दिवशी कंपनीला सुट्टी असावी. डब्यात गरम पेज, वर मेतकूट, बाजूला भाजलेला पापड. सर राउंडला आले होते. त्यांनी तिला सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, "सासूला खायला घालता की नाही? आज गेली असती ती."

"रातीची भाकर नि कालवण मी माझ्या हातानं भरवलंय," सून म्हणाली. "सगळं खाल्लंनीत. आनि सकाळची पेज मी रोज आठलाच आणते. इचारा सिस्टरना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी थर्मामीटर झटकत होते. पारा खाली गेला होता, तरी झटकत होते.

नवरा म्हणाला, "तुझं बोलणं नको मला. मी कंपनीत मरतो आणि तू म्हातारीला उपाशी ठेवतेस?" म्हातारी खाटेवरून म्हणत होती, "न्हाय रे, ती देते मला," पण तिचं कोण ऐकतं, ती तर नुकतीच शुद्धीवर आलेली. सुनेनं डबा उघडला आणि सासूला पेज भरवायला बसली. पापड तसाच राहिला.

दुपारी सरांनी माझ्या दोन्ही कागदांवर सही केली.

परीक्षा नवी मुंबईत होती. एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, थंडगार खोली, प्रत्येकीला वेगळा कप्पा. पहिले चाळीस प्रश्न मी भजी तळावीत तसे तळून काढले. हाताला खरंच सवय लागली होती; धाप लागलेल्याला मी उठवून बसवलं, डॉक्टरांना बोलावलं नाही. मग एक प्रश्न आला. नर्सने चुकीच्या रुग्णाला औषध दिले आहे. रुग्ण आता स्थिर आहे. नर्स काय करील? चार उत्तरं. बरोबर उत्तर दुसरं होतं. त्यात तीन गोष्टी होत्या, डॉक्टरांना सांगणं, घडलं ते तसंच लिहिणं, घरच्यांना कळवणं, आणि त्यातली एकही मी केली नव्हती.

मी टिचकी मारली नाही. मी बघत बसले. समुद्राला भरती आली, ओहोटी लागली, पुन्हा भरती आली, सातव्या मजल्यापर्यंत पाणी चढलं असतं तरी मी उठले नसते. पडद्याच्या कोपऱ्यातला वेळ खाली खाली जात होता. शेवटी टिचकी मारली, दुसऱ्या उत्तरावरच. पण पुढचे प्रश्न उरले ते उरलेच. वेळ संपला.

तळ्याची मुलगी पास झाली. आता ती तिकडं आहे. तिच्याकडे पाच पेशंट असतात, चार नव्हे. तेवढं एक त्या सुट्टीवरच्या नर्सनं कमी करून सांगितलं होतं. मुलगी मला फोन करत नाही.

चार-पाच महिन्यांनी चौलची सून सासूला घेऊन ब्लडप्रेशर दाखवायला आली. माझ्या हातात तिनं एक पिशवी दिली. मोड आणून सोललेले वाल, किलोभर तरी असतील. वाल सोलणं काय असतं ते आमच्याकडच्या बायकांना विचारा, एकेक दाणा, बोटांची सालं निघतात.

"हे कशाला?"

"तुमच्यामुळं आई वाचल्या, सिस्टर. तुम्ही त्या दिवशी नसतात तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?" मग आवाज खाली करून म्हणाली, "आता मी लय सांभाळते. ह्यांनी नेम करून दिलाय. दोन्ही वेळचं ताट वाढलं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. ननंदा बघतात. एखाद दिशी राहिला की फोन येतो."

"अजून?"

"रोज."

मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. सगळं. दोन म्हाताऱ्या, एक नाव, खाटा बदलल्या, सुई मी दिली, सासू उपाशी नव्हती, तू भरवलं होतंस, मी खोटं लिहिलं. एक शब्द वाढवला नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

ती ऐकत होती. मग हळूहळू तिच्या तोंडावर हसू आलं. "सिस्टर, तुमचं आपलं काहीतरीच! माझं मन राखायला कायपन सांगता."

"खरं सांगतेय गं. देवाशपथ."

सासूनं बोळकं तोंड उघडून टाळी दिली. "खाटा बदलल्या त्या मातर खऱ्या हां! मंग? पुढं? माझा मानूस उतरला का माडावरनं?"

सरांची केबिन दहा पावलांवर होती. दारही उघडं होतं. तिथं जाऊन हेच सांगितलं असतं, कागदावर लिहून दिलं असतं, तर त्यांनी खरं मानलं असतं. म्हणूनच मी गेले नाही. ज्या दोघी कधीच विश्वास ठेवणार नाहीत, त्या दोघींना निवडून मी खरं सांगितलं, हे मला बाकावर बसल्याबसल्याच कळलं होतं.

बारा वाजत आले होते. सुनेनं पिशवीतून डबा काढला, झाकणात भात वाढला, वर आमटी घातली, आणि सासूनं घासाला हात लावायच्या आत मोबाइल पुढे केला.

"थांबा, आई," ती म्हणाली. "आधी फोटो."